न विकलेल्या बैलांची किंमत

४ सप्टेंबर २०२२, रविवार. घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण चाललं होतं, गल्लीभर आंबिलीचा वास होता, आणि तालुक्याच्या पशुधन विकास अधिकारी मॅडम एका गोठ्यात उकिडव्या बसून गाईच्या मानेवरून हात फिरवत होत्या. कातडीखाली सुपारीएवढ्या गाठी, काही लिंबाएवढ्या. ताप १०५. डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळेची तार, पुढचा उजवा पाय सुजून खांबासारखा झालेला. शेजारच्या दावणीला एक गोऱ्हा होता. त्याच्या मानेवर नुकत्याच दोन गाठी उमटायला लागल्या होत्या. मालकाच्या घरून पुरणपोळीचं ताट आलं. मॅडमनी हात धुतले, पण ताट तसंच ठेवून त्या बाहेर आल्या आणि मला फोन केला. संशय लम्पीचा होता.

मी तेव्हा शेजारच्या तालुक्यात त्याच पदावर होतो, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मॅडम माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान, त्यामुळे बोलताना मी त्यांना अगं-तुगं करतो. लिहिताना मॅडमच म्हणतो. हे प्रकरण त्यांच्या संमतीनं लिहितो आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. मुलूख मात्र खरा आहे: वर्धा नदीकाठचा, गवळाऊ जातीच्या बैलांचा, कापूस-सोयाबीनचा.

लम्पी त्वचारोग हा देवीच्या गटातल्या विषाणूचा आजार. गाई-बैलांना होतो, म्हशींना कमी, माणसाला होत नाही. डास, चावणाऱ्या माश्या आणि गोचीड तो पसरवतात. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात पहिल्यांदा सापडला. २०२२ च्या पावसाळ्यात राजस्थान आणि गुजरातेतल्या मेलेल्या गाईंचे व्हिडिओ गावोगावी मोबाइलवर फिरत होते, आणि ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून आपल्याकडेही त्यानं उसळी घेतली. मरतूक सहसा पाच टक्क्यांच्या आत असते, पण वाचलेला बैल महिनोन्‌महिने जुवाखाली जात नाही आणि गाय आटते. या सगळ्यात एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं प्रकरण तिच्यावरच उभं आहे: संसर्ग झाल्यापासून अंगावर गाठी दिसेपर्यंत चार आठवड्यांपर्यंत वेळ जाऊ शकतो. त्यातला बहुतेक काळ जनावर खातंपितं, रवंथ करतं, ताप नसतो. तपासणाऱ्याला ते निरोगीच दिसतं.

२६ ऑगस्टला पोळा झाला होता. गावातली झाडून सगळी बैलं तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभी राहिली होती. त्याला नऊ दिवस झाले होते.

आणि मंगळवारी बैलबाजार होता.

पोळ्यानंतरचा बाजार आमच्याकडे मोठा भरतो. डवरणी आटोपलेली असते, सोयाबीन निघायला महिना असतो, कापसाची बोंडं अजून हिरवी असतात. घरात पैसा नसतो आणि बैलांना काम नसतं, म्हणून माणूस जोडी काढतो आणि रब्बीच्या तोंडावर किंवा उन्हाळ्यात दुसरी बघतो. त्या वर्षी जुलैच्या अतिवृष्टीनं अनेकांची पहिली पेरणी खरडून नेलेली, दुबार पेरणीचं बियाणं कृषी केंद्राच्या उधारीवर आलेलं. शिवाय २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्यानं बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्यापासून म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक राहिलेलं नाही. विकण्यासारखी असते ती फक्त चालती जोडी.

रक्ताचे आणि खपल्यांचे नमुने पुण्याला जाणार, तिथून भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत. अहवाल यायला आठवडा तरी लागणार. बाजार समितीच्या सचिवांनी फोनवर विचारलं, रिपोर्ट आला का? नाही. मग कशाच्या आधारावर बाजार बंद ठेवू? प्रश्न रास्त होता. प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा बाजार बंद करायची, जनावरांची ने-आण थांबवायची मुभा देतो, पण त्याआधी तो भाग नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर व्हावा लागतो. अख्खं राज्य नियंत्रित क्षेत्र ठरलं ते त्याच महिन्यात, पण त्या रविवारी कायदा होता आणि अधिसूचना नव्हती. मॅडमनी ‘लक्षणांवरून संशयित, बाजार भरवणे धोक्याचे’ असं आपल्या सहीनं लिहून तहसीलदारांना दिलं. अहवाल उलटा आला असता तर तीच सही त्यांच्या गळ्याशी आली असती. सोमवारी संध्याकाळी आदेश निघाला, दवंडी दिली गेली, तरी दूरच्या गावची माणसं रात्रीच चालत निघालेली होती. मंगळवारी सकाळी फाटकाशी तीसेक जोड्या उभ्या. पोलीस पाठवू का, असं विचारलं गेलं. मॅडम म्हणाल्या नको, मी उभी राहते. दुपारपर्यंत उभ्या राहिल्या आणि शिव्या खाल्ल्या. दोर-म्होरक्यांचं दुकान मांडणाऱ्यानं गाठोडं न सोडताच परत नेलं. नालबंदानं त्या दिवशी एकही नाल ठोकली नाही.

बाजार बंद करण्याबद्दल मला फार लिहायचं नाही. तो निर्णय अवघड होता, पण सरळ होता. गर्दीला नाही म्हणायचं होतं, आणि गर्दीला चेहरा नसतो.

चेहरा सोमवारीच दवाखान्यात येऊन गेला होता. साठीचा शेतकरी, चार एकर कोरडवाहू, सोबत पांढरी गवळाऊ जोडी, शिंगांना पोळ्याचा बेगड अजून चिकटलेला. नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यातल्या एका माणसाशी ८५ हजारांत सौदा ठरला होता, पाच हजार इसार घेतला होता. मुलीचा खासगी कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला होता, आणि पहिला हप्ता महिनाअखेरपर्यंत भरायचा होता. जिल्हा ओलांडायला आरोग्य दाखला लागतो, तेवढ्यासाठी तो आला होता. त्याचं गाव गाठींची गाय सापडलेल्या गावापासून साडेतीन किलोमीटरवर, म्हणजे रोगी गावाभोवती धरल्या जाणाऱ्या पाच किलोमीटरच्या वर्तुळाच्या आत.

मॅडमनी दोन्ही बैल तपासले. ताप नाही, अंग गुळगुळीत, नाक ओलं.

“बाई, काई हाय का त्याईले?”

“नाही काका, दिसत तर काही नाही.”

“मंग तसंच लिहून द्या न.”

हे प्रकरण मी नव्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षणात सांगतो तेव्हा इथे थांबतो आणि विचारतो, तुम्ही काय कराल? अर्धा वर्ग म्हणतो, दाखला द्यावा. जनावर तपासलं, निरोगी आढळलं, तसं लिहिण्यात खोटं काय? शब्दाला खोटं काहीच नाही. पण दाखला वाचणारा पलीकडचा माणूस त्याचा अर्थ काय घेतो? हे बैल माझ्या दावणीला बांधायला हरकत नाही, असा. आणि पोळ्याला नऊ-दहाच दिवस झालेले असताना ते कोणालाच सांगता येत नव्हतं. नदीपलीकडे तोवर एकही जनावर आजारी नव्हतं. तिथे एक जोडी रोग घेऊन गेली असती तर शे-दोनशे दावणी उठल्या असत्या, आणि त्या दावणींचे मालक काही मॅडमच्या टेबलासमोर उभे नव्हते. समोर हा एकटा उभा होता.

व्यवस्थापनशास्त्रात अशा कामाचा वेगळा विचार होतो: मोठ्या हितासाठी समोरच्या माणसाला जाणूनबुजून इजा पोचवणं, तीही आपल्या हातानं. सरकारी नोकरीत ही कामं रोजची असतात. अतिक्रमण काढणारा, राशन कार्ड रद्द करणारा, पाणी तोडणारा कोणीतरी कारकून किंवा अभियंताच असतो. पशुवैद्याच्या वाट्याला ती तशी कमी येतात, म्हणून आमचं कातडं पातळ. आम्ही बरं करायला शिकलेलो असतो.

मॅडमनी दाखला नाकारला. चूक तिथे झाली नाही. चूक पुढच्या वाक्यात झाली, आणि ती माझी होती.

आदल्या रात्री आम्ही फोनवर बोललो होतो. उद्या दाखल्यासाठी रांग लागणार, काय सांगू, असं त्यांनी विचारलं. मी माझ्या २७ वर्षांच्या नोकरीतलं शहाणपण काढून दिलं: “सरळ नाही म्हणू नकोस. लोक अंगावर येतात. पंधरा दिवसांनी बघू म्हण आणि मोकळी हो.” ही युक्ती मी शेकडो वेळा वापरली होती. माणूस जरा नरम पडतो, नमस्कार करून जातो. आपल्यालाही बरं वाटतं की फार कठोर झालो नाही.

मॅडम त्या शेतकऱ्याला म्हणाल्या, “काका, आत्ता नाही देता येत. पंधरा दिवसांनी बघू.”

त्यानं ते पंधरा दिवस मोजले. गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. इसाराच्या पाच हजारांतून मुलीच्या कागदपत्रांचा, फॉर्मचा, एका चकरेचा खर्च केला. बैलांना वेगळं बांधलं, कडुलिंबाचा धूर केला, हळद लावली, आणि २० सप्टेंबरला सकाळी जोडी धुऊन दवाखान्यात हजर झाला. तोवर अख्ख्या राज्यात जनावरांची ने-आण बंद होती. बैलांना लस टोचून चारच दिवस झाले होते, आणि प्रतिकारशक्ती यायला तीनेक आठवडे लागतात. पंधरा दिवसांत दाखला मिळण्याची शक्यता ५ तारखेलाही नव्हती. ते मॅडमना ठाऊक होतं, मला तर पक्कंच ठाऊक होतं.

गिऱ्हाइकानं इसार परत मागितला. हप्त्याची तारीख हुकणार हे ठरलं.

सप्टेंबर सरता सरता मॅडम त्याच्या घरी गेल्या. कोणी सांगितलं नव्हतं. लसीकरणाची फेरी शेजारच्या वाडीत होती, तेवढं निमित्त. मी सोबत होतो, कारण त्या आठवड्यात आमच्या दोन्ही तालुक्यांची पथकं एकत्र केली होती. आमच्याकडे माणसं किती होती ते सांगायची सोय नाही. एका अधिकाऱ्याकडे तीन दवाखान्यांचा कारभार, त्यातल्या एकाचं कुलूप गंजलेलं. असो.

अंगणात खाट टाकली गेली, काळा चहा आला. जोडी मांडवात उभी, दोघांच्याही कानात बारा आकड्यांचे पिवळे बिल्ले. मॅडम बिल्ल्यांकडे बघत म्हणाल्या, “काका, मी त्या दिवशी पंधरा दिवस म्हटलं, ते खरं नव्हतं. मला माहीत होतं.”

म्हातारा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “दाखला नाई देल्ला त्याचा राग नाई बाई. पलीकडंही कास्तकारच हाय. पन तुमी त्याच दिवशी नाई म्हनलं असतं त मी साळ्याकडं गेलो असतो. तवा त्याच्यापाशी पैसे होते. मंग त्यानं मोटारसायकल घेतली.”

थोड्या वेळानं हसून म्हणाला, “आन्‌ हे पाहा न, मेला असता त पंचवीस हजार भेटले असते. जिता हाय म्हून भोपळा.”

आकडा बरोबर होता. लम्पीनं मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत शासनानं ठरवली होती, आणि ती मिळतही होती. पंचनामा व्हायचा, बिल्ल्याचा फोटो काढायचा, खोल खड्डा, चुना, माती. मेलेल्या बैलाची किंमत ठरवता येते, कारण तो एका दिवशी एका जागी मरतो. न विकलेल्या बैलाचा पंचनामा कोण करणार? सौदा खरा होता की कागदावरचा, ८५ म्हणजे खरंच ८५ का, बाजार उघडा असता तर तो विकला गेलाच असता का? या प्रश्नांना उत्तरं नाहीत, म्हणून तशी योजनाही नाही. हे मला पटतं, आणि तरीही त्या खाटेवर बसून पटलं नव्हतं.

त्या भेटीनंतर मॅडमनी दोन गोष्टी बदलल्या. दाखला नाकारायचं काम शिपायाकडे किंवा खिडकीकडे न देता स्वतः करायचं, आणि पहिल्याच दिवशी सांगायचं: या महिन्यात नाही, पुढच्याही नाही, दिवाळीपर्यंत धरून चालू नका. चिडणारे चिडले. एकानं टेबलावरचं रजिस्टर फेकलं. पण माणूस बाहेर पडताना त्याच्या डोक्यात पुढचं दार कुठलं हा विचार सुरू झालेला असायचा.

दुसरं म्हणजे एक पत्र. दवाखान्याच्या लेटरहेडवर चार ओळी: अमुक बिल्ला क्रमांकांची जोडी तपासली असता लक्षणे आढळली नाहीत, रोगप्रतिबंधक आदेशामुळे तिच्या विक्रीस व वाहतुकीस सध्या मनाई आहे, आदेश उठेपर्यंत मालकास ती विकता येणार नाही. कुठल्या नियमात असं पत्र नाही, आणि नियमाविरुद्धही नाही. गावानं त्याला नाव ठेवलं ‘नाईचा दाखला’. कृषी केंद्रवाल्यांपैकी काहींनी त्यावर उधारीची मुदत वाढवून दिली, कारण त्यांनाही कळलं की हा माणूस टाळत नाही, अडकला आहे. एका पतसंस्थेनं दोघांना सोनं गहाण ठेवून घेताना तो जोडून घेतला. दुसऱ्या पतसंस्थेनं बघितलाही नाही. सगळे मिळून वीसेक दाखले दिले गेले असतील. सप्टेंबरच्या ५ तारखेला तो सुचला असता तर एका नर्सिंग कॉलेजलाही जाऊ शकला असता, हा हिशेब मॅडम अजून करतात.

या प्रकरणात आणखी एक माणूस आहे, जो आम्हाला डिसेंबरपर्यंत दिसलाच नाही. गावाचा गायकी. सकाळी आखरावर गुरं गोळा करायची, रानात न्यायची, संध्याकाळी आणायची. घरटी महिन्याचे पैसे आणि सुगीला दाणे. आम्ही ‘जनावरे एकत्र चरायला सोडू नयेत’ असं पत्रक ग्रामपंचायतीच्या भिंतीला डकवलं, आणि त्याचं काम त्या दिवशी संपलं. त्याच्याकडे स्वतःचं एकही जनावर नव्हतं, त्यामुळे तो ना लसीकरणाच्या यादीत, ना मदतीच्या, ना दाखला मागणाऱ्यांच्या रांगेत. बैलवाल्याला निदान नाही म्हणायला कोणीतरी समोर होतं. याला भिंतीनं सांगितलं. डिसेंबरात तो वीटभट्टीवर गेलेला कळला. मॅडमनी सरपंचांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, हो, ते राहूनच गेलं.

आता प्रशिक्षणातला दुसरा प्रश्न, जो मला दरवेळी विचारला जातो: शेवटी निर्णय बरोबर ठरला का? त्या शेतकऱ्याच्या बैलांना लम्पी झाला नाही. ना तेव्हा, ना नंतर. आणि नदीपलीकडे रोग गेलाच. ऑक्टोबरात तिथल्या दोन गावांत गाठी दिसल्या. कोणी म्हणतं रात्री ‘छोटा हत्ती’ टेम्पोतून चार जनावरं उतरली, कोणी म्हणतं माश्यांना कुठला जिल्हा असतो. म्हणजे रोखायचा होता तो रोग रुकला नाही, आणि ज्याला रोखलं त्याच्या बैलांत रोग नव्हता. वर्गात इथे शांतता पसरते, मग कोणीतरी म्हणतं, म्हणजे दाखला द्यायला हवा होता.

मला तसं वाटत नाही. ५ सप्टेंबरला जे ठाऊक होतं त्यावरच तो निर्णय तोलला पाहिजे. पाच आठवडे उशिरा रोग पोचला, तेवढ्यात पलीकडच्या बऱ्याच दावणींना लस टोचून झाली होती. त्यातली किती वाचली, हे कोणी मोजलेलं नाही. वाचलेला बैल आपण कशामुळे वाचलो हे सांगायला येत नाही. मॅडमना मी विचारलं होतं, पुन्हा तीच वेळ आली तर? त्या म्हणाल्या, नाहीच म्हणेन. आणि थांबून म्हणाल्या, पण मग त्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी जाईन.

यावर एका तरुण अधिकाऱ्यानं मला चांगलं खोडलं होतं. म्हणाला, सर, रांगेत चाळीस माणसं असतात, चाळिसांच्या घरी जाणार कोण आणि कधी? बरोबर आहे. साथीच्या दिवसांत मॅडम रोज दीडशे-दोनशे जनावरं टोचत होत्या, प्रत्येकाला नवी सुई, हा हट्ट धरून. त्या खरोखर किती घरी गेल्या? मोजून तीन. माझ्याकडे त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, अजून नाही.

आमच्याकडचा बाजार हिवाळा सरता सरता उघडला. फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हातारा पुन्हा जोडी घेऊन आला. नवं गिऱ्हाईक जवळच्याच तालुक्यातलं, भाव ७१ हजार. मुलीनं गावाजवळच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं होतं. मॅडमनी ताप पाहिला, मानेवरून, गळ्याखालच्या पोळीवरून, कासेच्या जागेपर्यंत हात फिरवला, दोन्ही बिल्ल्यांचे बारा-बारा आकडे मोठ्यानं वाचत दाखल्यावर उतरवले, सही केली, शिक्का मारला.

त्यानं कागद उजेडाकडे धरला. वाचता येत होतं त्याला, तरी विचारलं, “हा खरा हाय न बाई?”

“खरा आहे काका.”

त्यानं घडी घालून तो बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि कासरा सोडला.